वराहपालनातील दुर्गंधी आणि सांडपाणी : उपाय खाद्यापासून का सुरू करावा

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या शेडमध्ये शंभर डुकरे आहेत, वर्षातून दोन तुकड्या निघतात आणि माल मुख्यतः गोव्याला जातो. अलीकडे शेजारच्या वस्तीतून वासाची तक्रार आली आहे, उताराच्या बाजूच्या विहिरीचे पाणी बिघडल्याचे लोक बोलू लागले आहेत आणि ग्रामपंचायतीने लेखी खुलासा मागितला आहे. सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा बसवण्याचा खर्च झेपणारा नाही. तेव्हा खाद्य बदलून प्रदूषण खरोखरच कमी होते का, होत असेल तर किती, आणि त्यासाठी नेमके काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

खाद्य बदलून प्रदूषण कमी होते, पण ते शून्यावर येत नाही. डुकरांच्या मलमूत्रातून बाहेर पडणारे नत्र (नायट्रोजन) सुमारे पाव हिश्श्याने आणि स्फुरद (फॉस्फरस) सुमारे एक तृतीयांशाने कमी करणे आपल्या भागातील साध्या शेडमध्येही शक्य आहे. उरलेल्याची सोय खड्ड्यात, खतात आणि शेतात करावीच लागते. 'ही पावडर टाका, वास गायब' असे सांगत दारोदार फिरणाऱ्यांचा आणि माझा या बाबतीत कधीच मेळ बसलेला नाही.

आधी नत्राचा हिशेब मांडू, कारण तो एकदा नीट समजला की पुढच्या गोष्टी आपोआप सुचतात. वीस किलोचे पिल्लू नव्वद किलोचे होईपर्यंत ७० किलो वाढते. एक किलो वाढीला तीन किलो खाद्य धरले, तर त्याच्या पोटात २१० किलो खाद्य जाते. खाद्यात १८ टक्के प्रथिने असतील, तर ती ३७.८ किलो होतात आणि प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असल्यामुळे सुमारे ६ किलो नत्र त्या एका जनावराने खाल्लेले असते. त्यापैकी अंगात किती मुरले? वाढीच्या प्रत्येक किलोमागे जेमतेम २५ ग्रॅम, म्हणजे एकूण पावणेदोन किलो. उरलेले सव्वाचार किलोहून अधिक नत्र शेडच्या मागच्या गटारात जाते. याचा अर्थ, आपण विकत घेतलेल्या प्रथिनांपैकी सत्तर टक्के प्रथिनांचे मांस होत नाही. त्यांचा वास होतो, आणि पावसाळ्यात त्यांचाच अंश विहिरीत उतरतो.

हेच खाद्य १५ टक्के प्रथिनांचे केले आणि वाढ तेवढीच राहिली, तर बाहेर पडणारे नत्र ४.३ किलोवरून ३.३ किलोवर येते. शंभर डुकरांच्या एका तुकडीमागे हा फरक १०० किलो नत्राचा, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या जवळजवळ पाच पोत्यांचा आहे. प्रथिने एका टक्क्याने उतरवली की उत्सर्जित नत्र आठ ते दहा टक्क्यांनी कमी होते, असे देशोदेशीच्या संशोधनात वारंवार आढळले आहे, आणि वरचा साधा गुणाकारही तेच सांगतो.

प्रश्न एवढाच उरतो की प्रथिने कमी करूनही वाढ तेवढीच कशी ठेवायची. डुकराला मुळात प्रथिने नको असतात, त्याला हवी असतात प्रथिने ज्यांची बनतात ती अमिनो आम्ले, आणि तीही ठरावीक प्रमाणात. धान्यावर पोसलेल्या डुकरात सर्वांत आधी तुटवडा पडतो तो लायसिनचा, त्यामागून थ्रिओनिन, मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅनचा. मक्यात लायसिन अगदीच कमी, किलोमागे अडीच ग्रॅमच्या आसपास असते. ती उणीव भरून काढण्यासाठी आपण सोयापेंड वाढवत नेतो. सोयापेंडीतून लायसिन मिळते हे खरे, पण त्याच्याबरोबर गरज नसलेली इतर अमिनो आम्लेही येतात. ती शरीराला साठवून ठेवता येत नाहीत. यकृत त्यांचे नत्र वेगळे काढते, त्याचा युरिया होतो आणि तो मूत्रातून बाहेर पडतो. घराला खिडकी कमी पडली म्हणून आणखी एक अख्खे घर विकत घ्यावे, तसा हा प्रकार आहे.

आता प्रत्यक्ष मिश्रण पाहू. आपल्याकडील तीस ते साठ किलोच्या डुकरांसाठी अनेक जण १०० किलोमागे ४७ किलो मका, २० किलो भाताचा बारीक कोंडा, २४ किलो सोयापेंड, ६ किलो गव्हाचा भुसा आणि उरलेले क्षार, मीठ व जीवनसत्त्वे असे मिसळतात. यात प्रथिने सुमारे १८ टक्के आणि लायसिन ०.९३ टक्के येते. यातील ८ किलो सोयापेंड काढून तेवढा मका वाढवा आणि त्यात २५० ग्रॅम लायसिन हायड्रोक्लोराइड (पुडीच्या रूपातील लायसिन) व ५० ग्रॅम थ्रिओनिन घाला. लायसिन होते तेवढेच राहते आणि प्रथिने १५ टक्क्यांवर येतात. सोयापेंडीचा आणि मक्याचा त्या आठवड्याचा भाव धरून आपण स्वतः हिशेब करा. सोयापेंड महाग असते त्या महिन्यांत हा बदल बहुधा पैसेही वाचवतो. साठ किलोच्या पुढे डुकराची गरज आणखी उतरते, म्हणून शेवटच्या टप्प्यात सोयापेंड याहूनही कमी करता येते. पिल्लापासून कसायापर्यंत एकच खाद्य चारणे ही आपल्या भागातील सर्वांत सर्रास चूक आहे, आणि त्यात नत्र सर्वाधिक वाया जाते ते शेवटच्या दोन महिन्यांत, कारण त्या काळात जनावर खाते जास्त आणि त्याला प्रथिने लागतात कमी.

इथे माझीच एक चूक सांगणे योग्य होईल. बऱ्याच वर्षांपूर्वी हुक्केरीकडच्या एका शेतकऱ्याला मी हाच सल्ला दिला आणि कागदावरचे प्रमाण लिहून देऊन परत आलो. महिन्याभराने गेलो तेव्हा एकाच कप्प्यातील काही डुकरे चांगली भरलेली होती आणि काही केसाळ, रोडावलेली. खाद्य फरशीवर फावड्याने मिसळले जात होते आणि लायसिन वरून मुठीने भुरभुरले जात होते. मोजमाप म्हणजे चहाचा एक जुना डबा. अडीचशे ग्रॅमची पूड १०० किलोत अशी कधीच एकसारखी मिसळत नाही. ती आधी दोन किलो भुशात, मग ते मिश्रण दहा किलो मक्याच्या भरड्यात आणि मग सर्व एकत्र, अशा पायरीपायरीने कालवावी लागते. हे मी सांगायला हवे होते आणि सांगितले नव्हते. त्या गृहस्थांनी नंतर पुन्हा सोयापेंड वाढवली, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नव्हता.

खाद्य भिजवून देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रात्रभर भिजवलेले, आंबूस झालेले खाद्य डुकरे आवडीने खातात आणि त्याचे फायदेही आहेत; पण बाहेरून घातलेले मोकळे लायसिन आंबवणीत जिवाणू खाऊन टाकतात. म्हणून अमिनो आम्ले भिजवताना न घालता खाद्य देण्याच्या वेळी घालावीत.

स्फुरदाचा प्रश्न वेगळा आहे. मका, कोंडा, पेंड यांतील स्फुरदापैकी साधारण दोन तृतीयांश स्फुरद फायटेट या न पचणाऱ्या संयुगाच्या रूपात अडकलेले असते आणि ते फोडणारे फायटेज हे विकर (एन्झाइम) डुकराच्या आतड्यात पुरेसे नसते. भाताच्या कोंड्यात तर स्फुरद भरपूर, पण बहुतेक सगळे कुलूपबंद. मग आपण वरून डायकॅल्शियम फॉस्फेट हा स्फुरद देणारा क्षार घालतो, आणि कोंड्यातील स्फुरद जसेच्या तसे शेणातून बाहेर पडते. हॉलंडमध्ये डुकरे फार आणि जमीन थोडी असल्यामुळे हा प्रश्न आधी पेटला आणि तिथेच १९९१ साली सूक्ष्मजीवांपासून तयार केलेले फायटेज खाद्यात घालण्यासाठी बाजारात आले. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाने त्यापुढे जाऊन लाळेतूनच फायटेज स्रवणारे जनुक-परिवर्तित डुक्कर १९९९ मध्ये जन्माला घातले. शास्त्र यशस्वी झाले, पण ते मांस बाजारात कधी आले नाही आणि २०१२ मध्ये तो प्रकल्प थांबला. चिमूटभर पूड जे काम करते त्यासाठी नवे डुक्कर घडवण्याची गरज होती का, अशी शंका मला तेव्हाही होती.

किलोमागे ५०० एकक फायटेज घातले की पचण्याजोगे स्फुरद साधारण एक ग्रॅमपर्यंत मोकळे होते आणि खाद्यातील एकूण स्फुरद ०.६ टक्क्यांवरून ०.४५ टक्क्यांवर आणता येते. वरच्याच डुकराचा हिशेब केला, तर बाहेर पडणारे स्फुरद सुमारे ८९० ग्रॅमवरून ५८० ग्रॅमवर येते. मात्र फायटेज घालून डायकॅल्शियम फॉस्फेट तेवढेच ठेवले, तर प्रदूषण कमी होत नाही आणि खर्च तेवढा वाढतो. दुसरे असे की आपल्याकडे कढईत खाद्य शिजवण्याची पद्धत आहे, आणि उकळत्या खाद्यात फायटेज नष्ट होते. खाद्य हाताला सोसेल इतके निवल्यावरच ते मिसळावे. गव्हाच्या भुशात स्वतःचे थोडे फायटेज असते आणि भिजवल्याने ते कामाला लागते, हा वर म्हटलेल्या फायद्यांपैकी एक.

आता वासाकडे वळू. ताज्या मूत्राला तसा फारसा उग्र वास नसतो. मूत्रातील युरियाचा अमोनिया होतो तो शेणातील जिवाणूंच्या युरिएज या विकरामुळे. पटत नसेल तर एक प्रयोग करून पाहावा: एका बादलीत नुसते मूत्र धरावे, दुसरीत तेवढ्याच मूत्रात मूठभर शेण कालवावे, दोन्ही झाकून ठेवून सकाळी उघडावे. दुसरी बादली उघडताच डोळ्यांना झोंबते. यावरून शेण आणि मूत्र जितक्या लवकर वेगळे होतील तितका अमोनिया कमी, हे ओघाने आले. सिमेंटच्या फरशीला गटाराकडे चांगला उतार द्यावा, शेण सकाळ-संध्याकाळ फावड्याने कोरडेच ओढून घ्यावे आणि मगच फरशी धुवावी. आपल्याकडे पहिल्यांदा पाइप हातात घेतला जातो आणि शेणासकट सगळे गटारात ढकलले जाते. दहा मिनिटांचे काम वाचते आणि त्या पाण्याचे ओझे वर्षभर वाहावे लागते.

वासात अमोनियाखेरीज स्कॅटोल, इंडोल, क्रेसॉल आणि हायड्रोजन सल्फाइड यांचाही वाटा असतो. न पचलेली प्रथिने मोठ्या आतड्यात सडली की हे पदार्थ तयार होतात. प्रथिने कमी केल्याने ते कमी होतातच. शिवाय आंबण्याजोगा थोडा तंतुमय चारा दिला, तर आतड्यातील जिवाणू ते नत्र स्वतःच्या वाढीसाठी वापरतात आणि मूत्रात जाणारे नत्र शेणात जाते, जिथून ते सहज उडत नाही. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत रताळ्याच्या हंगामात वेलांचे ढीग बांधावर वाळत पडतात. हे वेल चिरून, एकूण आहाराच्या शुष्क भागात दहा टक्क्यांपर्यंत, मोठ्या डुकरांना अवश्य द्यावेत. बाजारात न चालणारी बारीक रताळी मात्र उकडूनच द्यावीत, कारण कच्च्या रताळ्यात प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात. आसवनी (मद्यार्क) प्रकल्पांतून येणारा धान्याचा सुका चोथा स्वस्त मिळतो, पण त्यात लायसिन कमी आणि मूळ धान्यात बुरशीचे विष असेल तर ते जवळजवळ तिप्पट झालेले असते. पिल्लांना आणि गाभण माद्यांना तो मी देत नाही.

हॉटेलांतील खरकट्याबद्दल आपण काही लिहिलेले नाही, पण शहराजवळचे बरेच जण त्यावरच डुकरे पोसतात, म्हणून दोन शब्द. खरकट्यात आज भात, उद्या पनीर, परवा नुसते तेल आणि मीठ. त्यातील प्रथिनांचे प्रमाण ठरवता येत नाही आणि त्यामुळे उत्सर्जनही आवरता येत नाही. त्याहून मोठा धोका आफ्रिकन स्वाइन फीवरचा आहे. हा रोग २०२० मध्ये भारतात प्रथम ईशान्येत आढळला, तो माणसाला होत नाही, पण डुकरांची शेडच्या शेड रिकामी करतो आणि मांसाच्या तुकड्यांतून पसरतो. खरकटे द्यायचेच असेल तर ढवळत ढवळत किमान अर्धा तास उकळल्याशिवाय देऊ नये. गोव्याला माल सोडून परत आलेली गाडी धुऊन, निर्जंतुक करूनच आवारात घ्यावी.

खाद्य सुधारूनही ते सांडले तर सगळे मुसळ केरात. वरच्या हिशेबात एक किलो वाढीला तीनऐवजी साडेतीन किलो खाद्य लागले, तर १५ टक्के प्रथिने असूनही बाहेर पडणारे नत्र पुन्हा ४.१ किलोवर जाते, म्हणजे केलेली जवळजवळ सगळी बचत बुडते. म्हणून गव्हाणीची कड आत वळलेली आहे का आणि ती काठोकाठ भरली जाते का, हे आधी पाहावे. पाण्याच्या निपलखाली बादली लावून गळती मोजावी. गळणारे पाणी शेवटी खड्ड्यातच जाते आणि तो जुलैत भरून वाहतो.

जुलै म्हटल्यावर आपल्या भूगोलाकडे यावेच लागते. खानापूरच्या पश्चिम भागातील पाऊस आणि जांभ्याची जमीन हे दोन्ही या बाबतीत आपले वैरी आहेत. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला सौंदत्तीच्या धरणाकडे जाते आणि याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. आपल्या शेडचा उतार कुठल्या बाजूचा आहे यावर आपले सांडपाणी कोणाच्या दारात जाणार हे ठरते. जांभ्याच्या भेगांतून नायट्रेट विहिरीपर्यंत फार लवकर पोहोचते. कच्चा खड्डा या जमिनीत चालणार नाही. तो आतून गिलावा केलेला किंवा जाड प्लास्टिक अंथरलेला, वरून पाऊस न पडणारा आणि जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंतचे सांडपाणी मावेल एवढा असावा. भर पावसात शेतात सांडपाणी सोडू नये, मग ते उसात असो वा गवतात. कोरडे ओढलेले शेण उसाचे पाचट किंवा भाताचे तूस यांच्या थरांत रचून कुजवावे. हुक्केरी, चिकोडी, निपाणी भागात पाचट जाळले जाते, ते आणण्याचा वाहतूक खर्च खताच्या विक्रीतून सहज निघतो.

जमीन किती लागेल? युरोपीय संघात नायट्रेटचा धोका असलेल्या भागांत जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला सहसा १७० किलोपेक्षा जास्त नत्र देता येत नाही. तो नियम आपल्याला लागू नाही, पण सावधगिरीचे माप म्हणून मी तो वापरतो. त्यानुसार वर्षाला दोन तुकड्यांसाठी जुन्या खाद्यावर सुमारे साडेबारा एकर आणि सुधारलेल्या खाद्यावर साडेनऊ एकर जमीन लागते. तेवढी जमीन नसेल, तर उरलेले खत दुसऱ्याच्या शेतात गेलेच पाहिजे, आणि त्याची बोलणी आताच करून ठेवावीत.

पिल्लांच्या खाद्यात हगवण थांबवण्यासाठी झिंक ऑक्साइडचा मोठा डोस आणि वाढीसाठी जादा तांबे घालण्याची चाल अजून आहे. हे धातू पचत नाहीत, कुजत नाहीत, खताबरोबर जमिनीत साठत जातात. युरोपीय संघाने झिंकचा हा औषधी वापर २०२२ मध्ये बंद केला. कोलिस्टिन हे प्रतिजैविक तर आपल्या सरकारनेच २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत वापरण्यास मनाई केली आहे. पोत्यावरील बारीक अक्षर वाचून पाहावे.

विहिरीबद्दल मात्र घाईने अपराध कबूल करू नये आणि घाईने नाकारूही नये. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्या विहिरीचे, आपल्या विहिरीचे आणि शेडच्या वरच्या अंगाला असलेल्या एखाद्या विहिरीचे पाणी एकाच दिवशी तपासायला द्यावे, नायट्रेट आणि कोलिफॉर्म (मैलापाणी मिसळल्याची खूण असणारे जिवाणू) दोन्हींसाठी, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑक्टोबरमध्ये. वरच्या विहिरीतही नायट्रेट जास्त निघाले, तर उसाचा युरिया किंवा वस्तीतील शौचालयांचे खड्डे हेही कारण असू शकते. आपल्याकडे डुकरे पाळण्याकडे पाहण्याची दृष्टी अजून निवळलेली नाही आणि कधी कधी तक्रार वासाची असते पण खुपत असते दुसरेच. तरीही हातात कागद असेल तर पंचायतीत बोलणे सोपे जाते. खुलाशात केलेले बदल, त्यांच्या तारखा आणि हे अहवाल जोडावेत.

सुरुवात सगळ्या शेडमध्ये एकदम करू नका. सारख्या वजनाच्या दहा-दहा डुकरांचे दोन कप्पे निवडा, एकाला जुने खाद्य आणि एकाला नवे, असे सहा आठवडे चालवा. दोन्हीकडचे दिलेले आणि उरलेले खाद्य रोज वजन करून वहीत लिहा, डुकरांची वजने सुरुवातीला, तिसऱ्या आठवड्यात आणि शेवटी घ्या. नव्या खाद्याचा अर्धा किलो नमुना प्रथिने, लायसिन व स्फुरद यांच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत द्या, कारण स्थानिक कोंड्याचे पोते एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत फार बदलते. हे आकडे हाती आल्यावर साठ किलोच्या पुढच्या टप्प्याचे मिश्रण मी लिहून देईन. त्याआधी देणे म्हणजे त्या चहाच्या डब्याने पुन्हा मोजण्यासारखे होईल.